भाची तिकडे कॉलेजची सॉकर खेळते, पुण्यात बसून तिचा सीझन कसा फॉलो करायचा

तिकडे अमेरिकेत वाढलेली आपली भाचे-पुतणे मंडळी आता कॉलेजला पोचलीत आणि त्यातली काही चक्क कॉलेजच्या सॉकर (म्हणजे आपलं फुटबॉल) टीममध्ये आहेत. माझी भाचीही आहे, डिफेन्सला खेळते, आणि इकडे कोथरूडमध्ये तिचे आजी-आजोबा आणि मी आत्या, आम्ही तिघंही तिचा सीझन मनापासून फॉलो करतो. ओळखीतले लोक विचारतात की एवढ्या लांबून कसं जमतं, आणि पोरीला लागलं किंवा टीम लागोपाठ हरायला लागली की काय करता, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी वेळेचं बघा. सीझन ऑगस्टमध्ये सुरू होतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत रेग्युलर मॅचेस, मग कॉन्फरन्स (म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) टूर्नामेंट, आणि नशीब जोरावर असेल तर एनसीएए (कॉलेजच्या खेळांची तिकडची संघटना) टूर्नामेंट, तिथे डिव्हिजन वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, मुलींच्या ६४ टीम असतात आणि मुलांच्या ४८, फायनल डिसेंबरात. न्यूयॉर्क साइडला संध्याकाळी ७ ची मॅच म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४.३०, आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळी ७ म्हणजे आपले सकाळचे ७.३०. रविवारी दुपारी १ ची ईस्टची मॅच आपल्याला रात्री १०.३० ला मिळते, ती आजी-आजोबांसाठी सगळ्यात सोयीची. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग पहाटे ४.३० चे ५.३० होतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात महत्त्वाच्या मॅचेस असतात, तेव्हा फोनवर अलार्म आधीच बदलून ठेवा. शेड्यूल कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक्सच्या वेबसाइटवर असतं. स्ट्रीमची लिंकही तिथेच असते, पण सगळे स्ट्रीम इथून चालतातच असं नाही, नाही चाललं तर लाइव्ह स्टॅट्सचं पान उघडून बसायचं, त्यात कोण आत आलं कोण बाहेर गेलं, कुणी शॉट मारला, सगळं मिनिटागणिक येत राहतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर उगीच जीव टांगणीला लागतो. आपण प्रीमियर लीग, आयएसएल बघितलेले लोक, तिथे एकदा बाहेर गेलेला प्लेयर परत येत नाही, त्यामुळे पोरगी २५ व्या मिनिटाला बाहेर आली की घरात लगेच 'लागलं का तिला' सुरू होतं. कॉलेज सॉकरमध्ये तसं नाहीये. पहिल्या हाफमध्ये बाहेर गेलेली त्या हाफमध्ये परत येत नाही पण दुसऱ्या हाफला येऊ शकते, आणि दुसऱ्या हाफमध्ये बाहेर गेली तरी एकदा परत आत येता येतं. त्यामुळे कोच दमलेल्या पोरींना सरळ फिरवत राहतात, आणि ते चांगलंच आहे कारण बऱ्याच आठवड्यांत दोन दोन मॅचेस असतात, गुरुवारी एक आणि रविवारी एक, मधे जेमतेम दोन दिवस, त्यातही प्रवास आणि कॉलेजचा अभ्यास. स्क्रीनवरचं घड्याळ बहुतेक वेळा ४५ वरून उलटं शून्याकडे जातं, ते बघून गडबडू नका. आणि २०२२ पासून रेग्युलर सीझनमध्ये एक्स्ट्रा टाइम नाही, बरोबरी म्हणजे बरोबरी. बाद फेरीत मात्र १०-१० मिनिटांचे दोन पिरियड आणि मग पेनल्टी शूटआउट.

रेकॉर्ड वाचताना ६-५-३ असं दिसेल, त्याचा अर्थ ६ जिंकल्या, ५ हरल्या, ३ बरोबरीत, म्हणजे बरोबरी शेवटी. कॉन्फरन्समधल्या मॅचेसचा रेकॉर्ड वेगळा लिहितात, आणि कॉन्फरन्स टूर्नामेंटला जायचं की नाही हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं, तेव्हा आधी तो बघा. सप्टेंबरात टीम सलग हरताना दिसली तर लगेच निराश होऊ नका, बरेच कोच सुरुवातीला मुद्दाम तगड्या टीमशी मॅच ठेवतात, एनसीएए टूर्नामेंटसाठी टीम निवडताना समोर कोण होतं हेही बघतात ना. मोठ्या टीमशी ०-१ ने हरणं आणि तळाच्या टीमशी ०-१ ने हरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी स्वतः स्कोअरपेक्षा मिनिटं जास्त बघते. मॅच संपली की बॉक्स स्कोअर येतो, त्यात प्रत्येक प्लेयर किती मिनिटं खेळली ते असतं, आणि टीमची खरी तब्येत तिथेच कळते. समजा दोन सेंटर बॅक (मधल्या डिफेंडर) नेहमी ९० मिनिटं खेळतात आणि अचानक एकीच्या नावापुढे ३८ आली, पुढच्या मॅचला नावच नाही, आणि लेफ्ट बॅकची पोरगी मधे खेळतेय, तर काहीतरी झालंय. तिकडे कॉलेज सॉकरमध्ये कुणाला काय लागलंय ते जाहीर करतीलच असं नाही, विद्यार्थ्यांची मेडिकल माहिती खाजगी असते आणि ती तशीच राहायला हवी, म्हणून आपण मिनिटांवरून अंदाज बांधायचा आणि तो आपल्यापाशीच ठेवायचा. एक मात्र तपासा, रेड कार्ड मिळालं असेल तर पुढची मॅच बसावंच लागतं, आणि सीझनमध्ये पाच यलो झाली तरी एक मॅच जाते, तेव्हा नाव दिसलं नाही म्हणजे दुखापतच असं नाही. अशा तुटक्या टीमने तीन डिफेंडर नसताना १-१ केलं तर ती मॅच माझ्या मते जिंकल्यासारखीच, आणि भाचीला फोनवर नेमकं तेच सांगायचं, 'अगं तुमची नवी सेंटर बॅक काय खेळली', तिला कळतं की आपण खरंच बघतोय.

आता दुखापतींचं. हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) थोडी ओढली गेली तर साधारण एक ते तीन आठवडे, जास्त फाटली तर महिना-दोन महिने, आणि हॅमस्ट्रिंग परत परत येते, म्हणून कोच घाई करत नसेल तर आपण 'एवढ्याशासाठी काय बसवतात' असं म्हणू नये. घोटा मुरगळणं अगदी कॉमन, बांधून खेळतात पुष्कळ जणी.

डोक्याला मार लागला तर वेगळं. शंका जरी आली तरी त्या दिवशी खेळायचं नाही, आणि परत येताना एकेक पायरी, हलका व्यायाम, पळणं, बॉलबरोबर सराव, धक्काबुक्कीची प्रॅक्टिस, मग मॅच, प्रत्येक पायरीला कमीत कमी २४ तास आणि त्रास झाला तर एक पायरी मागे. पहिले ४८ तास स्क्रीन कमी ठेवायला सांगतात, म्हणून आजीचा व्हिडिओ कॉल त्या दोन दिवसांत नको. एक व्हॉइस मेसेज पाठवा, 'उत्तर देऊ नकोस बाळा, झोप' एवढंच. दृष्ट काढायची असेल तर आजीला इकडे फोटोवरून काढू द्या, तिलाही बरं वाटतं.

आणि गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य लिगामेंट फाटणं. हे नाव ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मुलींमध्ये मुलांपेक्षा दोन ते तीन पट जास्त होतं, आणि बहुतेक वेळा कुणी पाडतही नाही, पळता पळता दिशा बदलली किंवा उडी मारून एका पायावर उतरली की झालं. ऑपरेशननंतर मैदानावर यायला साधारण नऊ महिने ते एक वर्ष, त्याआधी घाई केली तर परत फाटायचा धोका बराच वाढतो. हिशोब मांडून बघा, सप्टेंबरात ऑपरेशन झालं तर नऊ महिने जूनमध्ये भरतात, जरा मोकळीक मिळते. पण ऑक्टोबरच्या शेवटी लागलं आणि सूज उतरून नोव्हेंबरात ऑपरेशन झालं तर नऊ महिने थेट ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पुढच्या सीझनच्या तोंडावर, आणि तेव्हा सगळीकडून 'आली का परत' सुरू होतं. नऊ महिने झाले म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं, दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाइतकी आलीय का, उड्यांच्या टेस्ट पास होतात का, हे बघून मग सोडतात. सीझनच्या सुरुवातीलाच लागलं असेल तर ते वर्ष खेळण्याच्या वर्षांत धरू नये असा अर्ज कॉलेज करू शकतं, त्याचे नियम बदलत असतात, त्यामुळे ते तिच्या आई-वडिलांना आणि कोचला बघू द्या.

लागलेल्या पोरीशी बोलायचं कसं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'कधी खेळणार' हा प्रश्न तिला दिवसातून दहा जण विचारतात, आपण अकरावे नको. 'बरं झालं, आता अभ्यासाकडे लक्ष देता येईल' हे तर कुणीही म्हणू नका, विशेषतः काका लोकांनो. तिला टीमबद्दल विचारा. ती कुबड्या घेऊन बेंचवर बसलेली असते, सगळी मॅच तिला दिसत असते, मग विचारा की कॉर्नरला त्या दोघी कुठे उभ्या राहतात, नवीन गोलकीपर ओरडते का नीट. आमची भाची अशा वेळी अर्धा अर्धा तास बोलते. आणि जी तिच्या जागी खेळतेय तिचं कौतुक करायला घाबरू नका, तीही त्यांच्याच टीमची पोरगी आहे.

फुटबॉल फारसं कळत नसेल तर एखाद्या रविवारी पुण्यातल्या एसएसपीएमएसच्या मैदानावर वगैरे पीडीएफएची (पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेची) मॅच असेल तेव्हा आजोबांना घेऊन जा, टचलाइनला उभं राहिलं की टॅकल कसा लागतो आणि बॉलचा आवाज किती मोठा येतो ते कळतं, टीव्हीवर नाही कळत.

तिकडे जायचं जमणार असेल तर सीनियर नाइट धरा, शेवटच्या वर्षाच्या मुलींची रेग्युलर सीझनमधली शेवटची होम मॅच, त्यांच्या घरच्यांना मैदानात बोलवतात, जखमी असली तरी तीही येते. बहुतेक ऑक्टोबरच्या शेवटी असते, शेड्यूल लागलं की तारीख कळतेच, पण व्हिसाची अपॉइंटमेंट त्याच्या कितीतरी आधी घ्यावी लागते, आणि आजीसाठी लोकरीचे मोजे न्या, रात्रीच्या मॅचला तिकडे गारठा असतो.