सोळावरून सतरा: मोठी चाकं घालण्याआधीची तयारी

मोठी चाकं घालायचं मनात आलं की माणूस आधी रिमचं डिझाइन बघायला बसतो. यादी मात्र रस्त्यापासून सुरू करावी. गाडी वर्षभर कुठं फिरते ते एकदा कागदावर लिहून काढा: रोजचं बेळगावातलं घर ते उद्यमबाग, अधूनमधून कोल्हापूर, सुट्टी पडली की जांबोटी-चोर्ल्यावरून गोवा. पुणे-बेंगळुरू महामार्गावर अठरा इंची चाकं झकास पळतील, वंटमुरी घाटात वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी वाटेल. पण चोर्ल्याच्या वाटेवरच्या कणकुंबीकडं ऑगस्टात निघालात की खड्ड्यांत पाणी भरलेलं असतं आणि खोली कळत नाही. निपाणी-चिकोडी पट्ट्यात गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉलीला वाट देताना डावं चाक डांबराची कड सोडून खाली उतरतं. शिवाय गावोगावचे हंप, तेही ज्याच्या-त्याच्या हिशेबानं घातलेले. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: आपल्या भागात सोळा इंचांवरून सतरावर जा आणि तिथंच थांबा. अठरा घालायचीच असतील तर पावसाळ्यासाठी जुना जोड घरात असला पाहिजे.

मग ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर, नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत कंपनीचा स्टिकर असतो. त्यावरचं टायरचं माप आणि हवेचं प्रेशर मोबाइलवर टिपून घ्या. टायरवर मापापुढं लिहिलेला लोडचा आकडा आणि स्पीडचं अक्षरही टिपा. दुकानात हेच कामाला येतं. फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी किंवा स्कोडाची स्लाविया १.५ असेल तर माप २०५/५५ आर १६. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्याच्या ५५ टक्के, रिम १६ इंच. १६ ला २५.४ नं गुणा, त्यात साइडवॉल दोनदा मिळवा: चाकाची एकूण उंची साधारण ६३२ मिलिमीटर येते. नवं चाक याच्या आसपास राहिलं पाहिजे, कारण स्पीडोमीटर, एबीएस आणि गिअर सगळे या उंचीच्या हिशेबानं बसवलेले असतात.

आता पर्याय मोजून बघा. २०५/५० आर १७ ची उंची ६३७ भरते, २२५/४५ आर १७ ची ६३४. दोन्ही एक टक्क्याच्या आत, चालतील. २१५/५० आर १७ दुकानात सहज पुढं केला जातो, पण तो ६४७ भरतो, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या वर. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा चाक पूर्वीपेक्षा सव्वादोन किलोमीटर जास्त पळत असेल, पिकअप जड वाटेल आणि मडगार्डच्या आतली जागा तेवढी कमी होईल. २२५/४० आर १८ उंचीच्या हिशेबात बसतो, ६३७. पण तिथं दुसरी गोची आहे.

एकूण उंची तीच ठेवून रिम मोठा केला, तर वाढलेला इंच टायरच्या साइडवॉलमधून जातो. सोळाच्या टायरची साइडवॉल ११३ मिलिमीटर, सतराची १०१, अठराची ९०. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळतं तेव्हा तोच रबराचा पट्टा दबतो. तो कमी पडला की रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात टायर चिमटला जातो आणि आतले दोरे तुटतात. वरून काही दिसत नाही. दोनचार दिवसांनी बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. पंक्चरवाला आतून पॅच मारून देतो म्हणाला तरी तो टायर घाटात न्यायचा नाही.

रिम निवडताना चार मापं जुळली पाहिजेत, त्यातलं एक चुकलं तरी बाकीची फुकट. बोल्टच्या भोकांचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी: व्हर्टस-स्लावियाला ५x१००, म्हणजे पाच बोल्ट आणि १०० मिलिमीटरचं वर्तुळ; स्कोडाच्याच ऑक्टेव्हियाला ५x११२. एकाच घराण्यातल्या गाड्या म्हणून ‘ऑक्टेव्हियाचे रिम बसतात’ असं कुणी सांगितलं तर हसून पुढं जा. दुसरं मधलं भोक, या गाड्यांना ५७.१ मिलिमीटर. बाजारातल्या बऱ्याच रिमांना ते मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे अनेक गाड्यांना खपतं. मग हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, नेमक्या मापाची रिंग लागते. रिंग नसली तर ऐंशी-नव्वदच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं आणि आपण बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देतो. तिसरी रुंदी: २०५ च्या टायरला साडेसहा-सात इंची रिम, २२५ ला सात-साडेसात.

चौथं माप ऑफसेट. दुकानदार ज्यावर सगळ्यात कमी बोलतात ते हेच. रिमच्या पाठीवर ‘ईटी’ लिहून पुढं आकडा असतो. चाक मडगार्डमध्ये किती आत बसणार ते त्यावर ठरतं. समजा जुना रिम ६ इंच रुंद, ईटी ४० आहे आणि नवा साडेसात इंच, ईटी ३५. रुंदी दीड इंच वाढली म्हणजे प्रत्येक बाजूला १९ मिलिमीटर. ऑफसेट पाचनं उतरला, म्हणून बाहेरच्या बाजूला आणखी ५ वाढले आणि आतल्या बाजूचे ५ वाचले. चाक बाहेर २४ मिलिमीटर आलं, आत शॉकअपकडं १४ सरकलं. हा हिशेब कागदावर करून घ्या. ‘बसतंय की ओ, काय होत नाही’ हे उत्तर उभ्या, रिकाम्या गाडीपुरतं खरं असतं.

रिमचा दर्जा ओळखायला मात्र बेळगावात राहण्याचा फायदा घ्या. फाउंड्रीत उमेदवारी केलेला एखादा मामा, काका, शेजारी इथं प्रत्येक गल्लीत निघतो. त्याला सोबत न्या. तो रिमचा चेहरा बघणार नाही, आधी उलटा करेल. आऱ्या जिथं कडेला मिळतात त्या कोपऱ्यात अंगठा फिरवेल, बोल्टच्या खळग्यात आणि व्हॉल्व्हच्या भोकापाशी ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवेनं पडलेली भोकं, शोधेल, रंगाखाली पुट्टी भरलेली आहे का ते नखानं तपासेल. सच्छिद्र ओतकामातून हवा झिरपते, आणि मग पंक्चर सापडत नाही तरी दर आठवड्याला प्रेशर उतरतं. पाठीवर जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए हा दर्जाचा जपानी छाप आणि एका चाकानं किती किलो पेलायचे तो आकडा ओतलेला असावा. छाप खोटाही मारता येतो, म्हणून पक्कं बिल हवंच. नामांकित रिमची हुबेहूब नक्कल स्वस्तात मिळते. ती घेऊ नका. जुना वापरलेला जोड घ्यायचा तर आतल्या कडेवर वेल्डिंगची खूण आहे का बघा. असेल तर तिथूनच परत फिरा.

दुकानात वजनकाटा मागा. जुना रिम आणि नवा रिम दोन्ही तोला. नवा दोन-तीन किलोनं जड निघाला तर चार चाकांचं मिळून दहा किलो स्प्रिंगच्या खाली वाढले. ब्रेक, शॉकअप आणि पिकअप तिघंही ते भोगतात. दिसायला भारी आणि पळायला मठ्ठ अशा गाड्या याच हिशेबानं तयार होतात.

टायरवर पैसे रिमपेक्षा जास्त गेले तरी चालेल. लोड इंडेक्स कंपनीच्या आकड्याखाली नको: ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ८९ म्हणजे ५८०. लहान साइडवॉलच्या मापात ८९ चा टायर सहज गळ्यात मारला जातो. एक्सएल लिहिलेला जाड बांधणीचा मिळाला तर आपल्या रस्त्यांना तोच बरा. स्पीडच्या अक्षरात एच म्हणजे २१०, व्ही २४०. जे मूळचं आहे त्याच्या खाली उतरू नका. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर धरतो, पण साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, तेव्हा खोल उभ्या खाचा असलेला पॅटर्न घ्या. कायद्यानं १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, खानापूर-चोर्ल्याच्या पावसाला ३ च्या खाली गेलेला टायर पुरत नाही. साइडवॉलवर ‘डीओटी’च्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ असेल तर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. चारी टायरांवर वाचा, एकावर वाचून उठू नका.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण उरकून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ नोंदीपलीकडच्या बदलांना मनाई असल्याचं स्पष्ट केलं. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते ते सगळ्यात निर्धोक. मडगार्डबाहेर डोकावणारं चाक लांबूनच दिसतं, आणि कोगनोळीच्या पलीकडं महाराष्ट्रात केए-२२ ची, म्हणजे बेळगावची, पाटी तशीही नजरेत भरते. आपण मराठीत कितीही गोड बोललो तरी दंडाच्या पावतीवर भाषेची सवलत नाही! विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पोच ठेवा.

बसवायच्या दिवशी सकाळी जा, संध्याकाळी घाई होते. या गाड्यांना नट नसतो, बोल्ट असतो, आणि मूळ बोल्टचं डोकं आतून गोलाकार असतं. बाजारातल्या रिमला बहुधा निमुळत्या बैठकीचा बोल्ट लागतो. गोल बोल्ट निमुळत्या खळग्यात आवळला तर तो कडेवरच टेकतो आणि पुढं ढिला होतो. नवे बोल्ट घ्या, लांबी जुन्याशी लावून बघा: हबमध्ये जुन्याइतकेच आटे गेले पाहिजेत. हवेची गन फक्त टेकवण्यापुरती, शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानं, १२० न्यूटन-मीटर. पन्नास-शंभर किलोमीटर पळाल्यावर पुन्हा पाना लावायचा.

दुकानातून निघण्याआधी टायरच्या खांद्यावर ओला खडू फासा. चौघांना बसवा, डिकीत वजन टाका, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा आणि एखादा हंप तिरका ओलांडा. जिथं खडू पुसला गेला तिथं चाक घासतंय. आतलं प्लास्टिक कापून जागा करून देतो म्हणतील. कापू देऊ नका, रिम बदलून मागा. मग चार चाकी अलाइनमेंट. हवा थंड टायरमध्ये भरा, आणि प्रेशरची वॉर्निंग असेल तर ती नव्यानं सेट करून घ्या.

पहिल्या पावसानंतर स्टिअरिंग अचानक थरथरायला लागलं तर लगेच अलाइनमेंटला धावू नका. जांबोटीकडची लाल माती रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसते, एकाच जागी दोनशे ग्रॅमचा पोपडा धरते आणि बॅलन्स घालवते. पाण्याच्या झोतानं आतून धुतलं की निम्म्या वेळा काम तिथंच संपतं.

स्टेपनी जुनीच राहणार. उंची एक टक्क्याच्या आत असेल तर ती पंक्चरच्या दुकानापर्यंत नेईल, पण जुने बोल्ट डिकीत ठेवल्याशिवाय ती बसणार नाही. पाच जुने बोल्ट कापडात गुंडाळून जॅकजवळ ठेवा. उरलेला सोळाचा जोड विकायची घाई करू नका. धुवून, वाळवून, उन्हापासून दूर आडवा रचून ठेवा आणि कुठलं चाक कुठल्या बाजूचं ते खडूनं लिहा. अठरा घातली असतील तर मिरगाच्या आधी तो परत चढवायचा आहे.