रव्याचं ताट दिलं, तरी अक्षर सुधारेना? या चुका टाळा

"मॅडम, रोज दोन पानं शुद्धलेखन करून घेते, तरी कोंबडीचे पायच!" तासगावकडच्या एका आईनं तिसरीतल्या लेकाची वही पुढं केली. पानाच्या मागून बोट फिरवलं, तर अक्षर न् अक्षर हाताला लागत होतं. एवढा जोर लावणाऱ्या पोराला आळशी कसं म्हणायचं?

हालचालींचा मेळ न बसण्याची अडचण शाळकरी वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांना असते. अशा मुलाकडून दोन पानं लिहून घेतली, की चुकीचं वळणच पक्कं होतं.

या आईनं रव्याचं ताटही दिलं होतं, म्हणजे ताटात रवा पसरून त्यात बोटानं अक्षर गिरवायला. पण मुलाला ताटापाशी बसवून ती भाकऱ्या थापायला जायची. मी शेजारी बसून पाहिलं. 'व'ची उभी रेघ तो खालून वर ओढत होता आणि शिरोरेषा उजवीकडून. रव्यात अक्षर दिसत होतं बरोबर, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ताट देताना शेजारी बसाच. "गोल, उभी रेघ खाली, वर आडवी" असं मुलानं मोठ्यानं म्हणत बोट फिरवायचं. डोळा, कान आणि हात एकाच वेळी एकच गोष्ट शिकले, तरच उपयोग.

दुसरी चूक घाईची. आधी अंगणातल्या फरशीवर ओल्या ब्रशनं, खांद्यापासून हात फिरवत हातभर मोठं अक्षर काढू द्या. मग रवा, मग पाटी, वही सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच अक्षर, दहा मिनिटं पुरे. रवा, ओली माती किंवा कणीक हाताला नकोशी वाटणारी मुलं असतात, त्यांना बळजबरी नको.

पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. दाब फार पडत असेल तर वहीखाली कार्बन पेपर आणि कोरा कागद ठेवून "खाली उमटू न देता लिही" असा खेळ घ्या.

इतिहासाचं उत्तर आणि वळण एकदम तपासू नका. उत्तर तोंडी घ्या. येत असून लिहिता न आल्यामुळं गुण गेले, की मूल अभ्यासच सोडतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेत डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) आणि डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा मेळ न बसणं) दोन्ही आहेत. परीक्षेतल्या जादा वेळेसाठी प्रमाणपत्र लागतं. त्यासाठीची मुलाची तपासणी दहावीच्या फॉर्मपर्यंत लांबवू नका.