कालवांतला व्हिब्रिओ: या चुका टाळा

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत ओहोटीला काढलेली कालवं प्रयोगशाळेत पोचेपर्यंतच निम्मा निकाल बिघडलेला असतो. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचा चुरा आणि त्यातच कालवं खुपसलेली! व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या पोटाचा आजार करू शकणाऱ्या जिवाणूला एवढा गारठा सोसत नाही. काही पेशी मरतात, काही जिवंत असूनही प्लेटवर उगवत नाहीत, आणि अहवालात 'आढळला नाही'. पिशवी आणि बर्फ यांच्यामध्ये कागदाचा जाड थर घाला, ७ ते १० अंश राखा, नमुना त्याच दिवशी लावा.

मग मीठ. एन्रिचमेंटच्या (जिवाणू वाढवण्याच्या) पेप्टोन पाण्यात आठवणीने मीठ घालणारेही डायल्यूशन (नमुना पातळ) करताना डिस्टिल्ड पाण्याची बाटली उचलतात. खाऱ्या पाण्यातला जीव, फुटणारच. डायल्यूशन, साधं अगार (जिवाणू उगवण्याचं माध्यम), साखरेच्या चाचण्या, सगळ्यांत २ ते ३ टक्के मीठ हवं.

टीसीबीएस, म्हणजे व्हिब्रिओ निवडून उगवणारं अगार, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करू नका, फक्त उकळा. त्यावरच्या कॉलनीवर थेट ऑक्सिडेज ही ओळखचाचणीही नको. आधी मिठाच्या साध्या अगारवर उतरवा.

सगळ्यात जास्त डोकं उठतं ते टीएलएच या जनुकाच्या बँडने. पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवून ते शोधणारी चाचणी) केल्यावर जेलवर ४५० बेसपेअरला रेघ दिसली की नवशिके 'रोगकारक' लिहून मोकळे. अरे, हे जनुक या जातीच्या झाडून साऱ्या जिवाणूंत असतं, खाडीच्या गाळातल्या निरुपद्रवींतही! तिकडे बाजारात मात्र 'कालवांत विषारी जिवाणू' अशी बोंब उठते आणि बायकांच्या टोपल्या तशाच पडून राहतात. रोगाशी निगडित जनुकं म्हणजे टीडीएच (२६९ बेसपेअर) आणि टीआरएच (५००). १९९६ साली कोलकात्यात वर आलेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या ओ३:के६ वाणात टीडीएच आहे; ते या जिवाणूच्या दोन गुणसूत्रांपैकी लहान गुणसूत्रावर, पेशीत विषारी प्रथिनं टोचणाऱ्या यंत्रणेच्या जनुकांशेजारी बसलेलं असतं. खाडीतल्या बहुतेक वाणांत दोन्ही नसतात. म्हणून एकच कॉलनी तपासून 'निगेटिव्ह' म्हणणं हा शुद्ध आळस. दहा-बारा तरी उचला, शिवाय एन्रिचमेंटच्या पाण्यावरही पीसीआर लावा. आणि दोन्ही नसली तरी 'सुरक्षित' लिहू नका. रुग्णांकडून मिळालेल्या काही वाणांतही ती सापडत नाहीत.

कालवांतलं ग्लायकोजेन पीसीआर अडवतं. एन्रिचमेंटचं पाणी १० मिनिटं उकळून, सेंट्रिफ्यूज करून, वरचं पाणी दहापट पातळ करून पुन्हा लावा. पॉझिटिव्ह कंट्रोलचीच रेघ उमटली नसेल, तर ते जेल टाकून द्या.