आधी सिद्धेश्वर, मग मोबाईल

मी घरून कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पैसेही फोनवरच जमा होतात. तेव्हा मोबाईल टाकून द्या, असं मी कुणाला सांगणार नाही. पण भरवसा मात्र आमच्या सोलापूरच्या ग्रामदैवतावर, सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामेश्वरांवरच ठेवायचा. तो कसा टिकवायचा, हे गल्लीतल्या सुना-लेकी विचारतात. त्यांना सांगते तेच इथं लिहिते.

सुरुवात रात्रीच करा. फोन उशाशी नको, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. सकाळी अंघोळ, विभूती, दिवा झाला की हात जोडून मनातली काळजी देवाला सांगा. ‘सगळं चांगलं कर’ असं मोघम नको. ‘आज रिपोर्ट यायचाय, मला भीती वाटतेय’ असं उघड बोला. मग फोन हातात घ्या.

नामाला वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या बाईनं भाकरी थापताना नाम घ्यावं. गरम पाण्यात ज्वारीचं पीठ मळून गोळा परातीत घेतला की दोन्ही हात पिठात. फोन वाजला तर वाजू दे. तळहाताखाली भाकरी फिरेल तसं ‘ॐ नमः शिवाय’ म्हणत जा. कडक भाकरी पातळ लागते, घाई केली की कड फाटते. नाम चालू असलं की हात एका लयीत पडतो. भाजून झाल्यावर ती मंद आचेवर कडक होईस्तोवर थांबावं लागतं, तेवढा वेळही त्याचाच.

लेक हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याहून निघाला की गाडी दौंडला आली का, कुर्डुवाडी सुटली का, हे सारखं बघू नका. बघितल्यानं गाडी लवकर येत नाही, जीव मात्र टांगणीला लागतो. सुटली एवढं कळलं की देवापुढं बसा आणि त्याला देवाच्या हवाली करा.

आजारपणात गूगल बंद. औषध, तपासणी डॉक्टर सांगतील तशीच करायची. देवावर विश्वास म्हणजे गोळ्या बंद करणं नव्हे, आणि असं सांगणाऱ्याचं ऐकूही नका. रात्री दोन वाजता लक्षणं शोधायची, ती वेळ तेवढी जपाला द्या.

‘अकरा जणांना पाठवा, नाहीतर वाईट होईल’ असला मेसेज सरळ पुसून टाका. आपला देव असा धमकावत नाही.

सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. घराजवळचं एक ठरवा आणि सोमवारी फोन घरी ठेवून चालत जा. पहिल्या सोमवारी हात सारखा पिशवीत जाईल, तरी जा. गुडघे दुखत असतील तर रिक्षानं जा, पण फोन घरीच.

आणि संक्रांतीच्या वेळच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर त्यांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला गेलात तर मोबाईल वर धरून उभ्या राहू नका. नंदीध्वजांकडं, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच सजवलेल्या काठ्यांकडं डोळे ठेवा, मुठीत अक्षता घट्ट धरा. मंगलाष्टकातलं ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ ऐकू आलं की दोन्ही हातांनी टाका. व्हिडिओ संध्याकाळी कुणीतरी पाठवतंच.