५०२ दिसला की आधी लॉग, मग रीस्टार्ट

साइटवर ‘५०२ बॅड गेटवे’ झळकला, म्हणजे पुढच्या वेब सर्व्हरला मागच्या ॲपकडून धड उत्तर मिळालं नाही, की टीममधल्या नव्या मुलांचा हात लगेच रीस्टार्टकडे जातो. मी त्यांना थांबवते. रीस्टार्टने साइट चालू होते खरी, पण अडकलेली प्रोसेस, तुंबलेली रांग, सगळा पुरावा पुसला जातो आणि तोच फोन परत येतो. आधी एनजिनएक्सचा, म्हणजे विनंती घेऊन मागच्या ॲपकडे पाठवणाऱ्या वेब सर्व्हरचा, एरर लॉग उघडा. इथे त्याच्या मागे गुनिकॉर्न या ॲप सर्व्हरवर चालणारं पायथन ॲप धरलंय, माझं रोजचं काम त्यातलंच.

लॉगमधल्या एररच्या ओळीतला कंसातला आकडा बघा. १११ म्हणजे कनेक्शन रिफ्यूज्ड: मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. ॲप बंद पडलंय किंवा भलत्याच पोर्टवर चालू आहे. एसएस कमांडने ऐकणारे पोर्ट बघा, मग कर्ल या कमांडने थेट ॲपला विनंती पाठवा. कर्ल नेहमी एनजिनएक्स जिथे आहे तिथूनच चालवा. डॉकरमध्ये याच ठिकाणी लोक फसतात: ॲप कंटेनरच्या आत १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त आतल्या आतच, ऐकतं, आतून कर्ल चालतं, आणि शेजारच्या कंटेनरमधल्या एनजिनएक्सला मात्र १११. ॲपला ०.०.०.० वर, म्हणजे बाहेरूनही येणारं, ऐकायला लावा.

१३ म्हणजे परवानगी नाही. ॲप पोर्टऐवजी युनिक्स सॉकेटने, म्हणजे एका फाइलमार्फत, जोडलेलं असेल तर सॉकेटवर लिहिण्याची आणि वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरण्याची मुभा एनजिनएक्सच्या युजरला आहे का ते तपासा. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर पोर्टने जोडलेलं असूनही १३ आला, तर एसईलिनक्स ही लिनक्समधली सुरक्षा यंत्रणा अडवतेय. ती बंद करू नका, कृपा करून. एचटीटीपीडीला, म्हणजे वेब सर्व्हरला, नेटवर्क कनेक्शन करू देणारं बुलियन (चालू-बंदचं सेटिंग) तेवढं चालू करा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन’ हा एरर; अपस्ट्रीम म्हणजे मागचं ॲप. म्हणजे ॲपने विनंती घेतली आणि उत्तर न देताच कनेक्शन तोडलं. गुनिकॉर्नचा साधा वर्कर, म्हणजे विनंती हाताळणारी प्रोसेस, ३० सेकंदांत मोकळा झाला नाही की त्याच्यावर लक्ष ठेवणारा मास्टर त्याला मारतो; एनजिनएक्स मात्र ६० सेकंद थांबायला तयार असतो. म्हणून संथ क्वेरीला ५०४ (गेटवे टाइमआउट) ऐवजी ५०२ मिळतो. एका पतसंस्थेच्या मार्चअखेरच्या रिपोर्टचं हेच व्हायचं. ॲक्सेस लॉगमध्ये रिक्वेस्ट टाइम छापायला लावला, तर फसलेल्या प्रत्येक ओळीपुढे तिसाच्या आसपासचा आकडा, आणि गुनिकॉर्नच्या लॉगमध्ये त्याच क्षणी ‘वर्कर टाइमआउट’. नुसता टाइमआउट वाढवणं मला पटत नाही. रिपोर्ट तयार होईपर्यंत तो वर्कर अडून राहतो आणि काउंटरवरचं काम खोळंबतं. आम्ही रिपोर्ट सेलरी या मागे कामं चालवणाऱ्या टूलकडे, बॅकग्राउंडला टाकला. तुमच्याकडे वेळ ठरावीक नसेल, कधी चार तर कधी एकोणीस सेकंदांना तुटत असेल, तर डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, चाळा. मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच प्रोसेस मारलेली असू शकते.

११० हा टाइमआउट; यात साइटवर बहुधा ५०२ नाही, ५०४ दिसतो. पुढचे शब्द वाचल्याशिवाय काही करू नका. कनेक्ट करतानाच झाला असेल तर फायरवॉल किंवा क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप बघा. उत्तराची वाट बघताना झाला असेल तर ॲप आणि डेटाबेस.

ॲप ठणठणीत, कर्लही चालतंय, तरी ५०२? मग लॉगमधला अपस्ट्रीमचा आयपी आजच्या आयपीशी ताडून बघा. साध्या कॉन्फिगमध्ये एनजिनएक्स होस्टचं नाव सुरू होतानाच एकदा शोधतो आणि तोच पत्ता धरून बसतो. कंटेनर नव्या आयपीवर उठला की हा जुन्याच दारावर. अशा वेळी एनजिनएक्स रीलोड करा, ॲपला हात लावू नका.