झाळ धावत नाही, मणी फुटतो, कस उतरतो: सोनारकामातल्या या चुका टाळा

नाशिकच्या सराफ बाजारात दागिना पेढीवर विकला जातो, पण तो किती वर्षं टिकणार हे ठरतं शेगडीपुढे. दुरुस्तीला परत आलेला दागिना बहुधा सांध्यातच गेलेला असतो. कारागीर झाळेला, म्हणजे सांधा जोडायला वितळवतात त्या मिश्रधातूला, नावं ठेवतो आणि झाळ बदलून पाहतो. बहुतेक वेळा चूक त्याच्या आधीच झालेली असते.

सांधा आधी कोरडा जुळवून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर कानस घ्या, फुंकणी नको. झाळ फट बुजवत नाही, दोन चिकटलेल्या कडांमध्ये शिरते. भरलेली फट पॉलिशला सुंदर दिसते आणि पहिल्या हिसक्याला उघडते. कडा कानशीने घासल्यावर बोट लावू नका. घामाचा, तेलाचा नुसता पुसटसा थर असला तरी झाळ गोळी होऊन बसते.

टाकणखार (बोरॅक्स) पाटीवर पाण्यात उगाळून दुधाइतका पातळ घ्या. घट्ट लेप दिला की तापताना तो लाहीसारखा फुगतो आणि झाळेचा तुकडा उडवून देतो. म्हणून ज्योत आधी लांबून फिरवा. पाणी उडू द्या, टाकणखार फुगून परत खाली बसू द्या. साधारण 740 अंशांना तो वितळून काचेसारखा चमकतो, तेव्हा ज्योत जवळ आणा. ज्योत झाळेवर रोखणं ही सगळ्यात जुनी खोड. झाळ तापलेल्या धातूकडे धावते. मोठा भाग थंड आणि कडी लाल असेल, तर सगळी झाळ कडीवर चढणार आणि सांधा कोरडा राहणार. जाड भाग आधी तापवा, कडी मागून आपोआप तापते. आणि हे काम ट्यूबलाइटच्या थेट उजेडात करू नका. धातूची लाली कळत नाही, आणि ती कळेपर्यंत बारीक तार वितळलेली असते. शेगडी सावलीत हवी.

एकाच दागिन्यात दोन-तीन सांधे असतील तर कडक, म्हणजे जास्त तापल्यावर वितळणारी झाळ आधी, नरम नंतर. आधीच्या सांध्यावर पाण्यात कालवलेला गेरू लावा. तेवढ्यावर झाळ पुन्हा पसरत नाही.

जुना दागिना आला की ज्योतीआधी भिंग. सांध्यावर करडा, मऊ डाग दिसला तर कुणीतरी तो सांधा कथिल-शिशाने जोडलेला आहे. ते पूर्ण खरवडून काढल्याशिवाय तापवू नका. तापलं की शिसं सोन्यात उतरतं, तिथे खड्डा पडतो आणि भोवतालचं सोनं ठिसूळ होतं. मग ते ठोकलं तरी तडकतं. याच कारणासाठी मणी ठोकायचा शिशाचा ठोकळा आणि सोन्याची कानस एका खणात ठेवू नयेत.

बोरमाळेचे मणी आतून लाखेचे असतात. ज्योत लागली की लाख उकळते आणि पातळ पत्रा फुटतो. असा मणी आधी रिकामा करा, झाळा, पुन्हा भरा. मंगळसूत्राच्या पोकळ, बंद वाट्यांना हवा जायला बारीक भोक हवंच, नाहीतर आतली तापलेली हवा वितळलेली झाळ बाहेर ढकलते. नथीचे मोती उतरवल्याशिवाय ज्योत पेटवूच नये, हे सांगायला नको. तरी घाईत होतं.

आता हिशेब, कारण इथे पैसा जातो. 999 म्हणजे हजार भागांत 999 भाग शुद्ध सोनं, 916 तसंच. 10 ग्रॅम 999 सोन्याचं 916 करायला हीण, म्हणजे सोन्यात मिसळायचा दुसरा धातू, घालायचं 0.906 ग्रॅम. पुष्कळ जण 100 मधून 91.6 वजा करतात आणि 0.84 टाकतात. त्यातून 921 च्या वरचं सोनं निघतं, म्हणजे 100 ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमहून जास्त शुद्ध सोनं फुकट गेलं. उलटी चूक झाळेत होते. 20 ग्रॅमच्या ठुशीत 19 ग्रॅम सोनं 916 चं आणि 1 ग्रॅम झाळ 750 ची असेल, तर अख्खी ठुशी 907 वर उतरते आणि हॉलमार्कला अडकते. बारीक मण्यांच्या कामात एकतर झाळ 916 च्या जवळची घ्या, नाहीतर मूळ सोनं 925 चं ठेवा. कॅडमियमची झाळ सुरेख धावते हे खरं. पण तिचा धूर फुप्फुस आणि मूत्रपिंड खातो, तेव्हा ती नकोच.

तार जंतरातून, म्हणजे लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीतून, ओढताना मध्येच तुटली तर बळ कमी करून उपयोग नाही. दोन-तीन भोकांनंतर तापवून मऊ करा, मेण लावा, भोक वगळू नका. तरीही सालं निघत असतील तर दोष लगडीत, म्हणजे ओतलेल्या सोन्याच्या कांडीत आहे: साचा थंड होता, किंवा ओतताना हवा आणि मळ आत गेला. लगड पुन्हा आटवा.

झाळून काळवंडलेला दागिना गंधकाच्या तेजाबात (सल्फ्युरिक अॅसिडमध्ये) टाकतात. 9 भाग पाण्यात 1 भाग तेजाब, आणि नेहमी पाण्यातच तेजाब घालायचं. लोखंडी चिमटा त्यात बुडवला की दागिन्यावर तांब्याचा लाल थर चढतो, म्हणून चिमटा तांब्याचा. पोकळ दागिना नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळा. आत राहिलेलं तेजाब महिनाभराने गिऱ्हाइकाच्या गळ्यावर हिरवा डाग काढतं.

खास नाशिकची गोष्ट राहिली. गंगापूर धरणातून पाणी सुटून गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं की तळमजल्यावरचे लोक तिजोरी उचलतात आणि कचऱ्याचा डबा विसरतात. झाडलोटीची धूळ, पॉलिशचा गाळ, सोनं आटवायच्या जुन्या मुशी, हात धुतलेल्या पाण्याचा तळ, या सगळ्यात सोनं असतं. वर्षाचा कचरा श्रावणापर्यंत साठवून ठेवू नका. पावसाळ्याआधीच वजन करून झारेकऱ्याला, म्हणजे कचरा धुऊन सोनं काढणाऱ्याला द्या, आणि तेजाबाच्या बरण्या त्याच दिवशी माडीवर चढवा.