घोटाळ्यामुळे सरकार पडलं, मत कुणाला द्यायचं? पोर्तुगालच्या मतदारांसाठी

नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२५ या सोळा महिन्यांत पोर्तुगालची दोन सरकारं संशयाच्या भोवऱ्यात सापडून गेली. १० मार्च २०२४ आणि १८ मे २०२५ अशी दोनदा मुदतीआधी निवडणूक झाली. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येत असल्याने आपल्याकडच्याही अनेक घरांत हे मत आहे. पुन्हा अशी वेळ आली तर पक्षाचा विचार कसा करायचा, ते इथे लिहिलं आहे.

पहिलं काम पक्ष निवडण्याचं नाही. आपलं मत कुठे मोजलं जातं ते आधी पाहा. संसदेच्या २३० जागा २२ मतदारसंघांत वाटल्या आहेत. मुख्य भूमीवरचे १८ जिल्हे, आसोरेस आणि मदैरा ही बेटं, शिवाय परदेशस्थांसाठी ‘युरोप’ आणि ‘युरोपबाहेर’ हे दोन-दोन जागांचे मतदारसंघ. नागरिक ओळखपत्रावर पत्ता इंग्लंडमधल्या स्विंडनचा असेल तर मत युरोपात, मडगावचा असेल तर युरोपबाहेर. मतदारयादीतले बदल मतदानाच्या ६० दिवस आधी थांबतात आणि संसद विसर्जित झाल्यावर निवडणूकही ६० दिवसांच्या आतच घ्यावी लागते. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर पत्ता बदलायला धावलात तर उशीर झालेला असतो. घर बदललं की तेव्हाच पत्ता बदला, आणि टपालाने येणारा कोड टाकून तो बदल पक्काही करा. बरेच जण हा शेवटचा टप्पा विसरतात.

मतदारसंघ कळला की जागांचं गणित करा. मत उमेदवाराला नसतं, पक्षाच्या यादीला असतं, आणि यादीतला क्रम आपल्याला बदलता येत नाही. जागा द’ओंद पद्धतीने वाटतात. प्रत्येक पक्षाच्या मतांना १, २, ३ असं भागत जायचं आणि सगळ्यांत मोठ्या भागाकारांना जागा द्यायच्या. समजा दोन जागा आहेत आणि चार पक्षांना ३०,०००, २०,०००, १४,००० आणि ५,००० मतं पडली. पहिली जागा ३०,००० वाल्याची. त्याचा पुढचा भागाकार १५,०००, म्हणून दुसरी जागा २०,००० वाल्याची. तिसऱ्याची १४,००० मतं वाया गेली, कारण ती दुसऱ्या मतदारसंघात किंवा देशपातळीवर कुठेच जोडली जात नाहीत. लिस्बनला ४८ जागा आहेत, तिथे दोन टक्क्यांच्या आसपास मतं असलेला छोटा पक्षही एक खासदार आणू शकतो. दोनच जागा असलेल्या पोर्तालेग्रे जिल्ह्यात किंवा परदेशस्थांच्या मतदारसंघांत तेच मत निव्वळ निषेध ठरतं. निषेध नोंदवायचाच असेल तर जरूर नोंदवा, पण त्याने जागा मिळणार नाही हे माहीत असू द्या.

आता घोटाळा. इथे मतदार सगळ्यात जास्त फसतो, कारण तपास साठ दिवसांत संपत नाही. तेव्हाचे समाजवादी पंतप्रधान अंतोनियो कोश्ता यांचंच घ्या. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी लिथियम खाणी, हायड्रोजन आणि सिनिशच्या डेटा सेंटरच्या प्रकरणात छापे पडले, त्यांच्या कार्यालयप्रमुखाच्या दालनात ७५,८०० युरो रोख सापडले आणि कोश्तांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. पुढे काही दिवसांत सरकारी वकिलांनी मान्य केलं की एका संभाषणाच्या नोंदीत अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री अंतोनियो कोश्ता सिल्व्हा यांच्या जागी पंतप्रधानांचं नाव लिहिलं गेलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये लिस्बनच्या अपील न्यायालयाने म्हटलं की समोर आलेल्या गोष्टींतून गुन्हा दिसत नाही. तोवर मतदान होऊन महिना उलटला होता.

म्हणून ‘दोषी की निर्दोष’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याचं उत्तर मतदानाच्या दिवशी आपल्या हाती नसतं. त्याऐवजी एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात फक्त कुणीही न नाकारलेल्या गोष्टी. वर सांगितलेली रोकड त्यात येते. कोश्तांनंतर पंतप्रधान झालेले लुईश मोंतेनेग्रो यांच्या प्रकरणात त्यांनी स्थापन केलेली स्पिनुम्विव्हा ही कुटुंबाची कंपनी, आणि कॅसिनो चालवणाऱ्या सोल्व्हेर्दकडून तिला मिळणारे दरमहा ४,५०० युरो, हेही त्यात येतं. कॅसिनोचे परवाने सरकारच देतं, म्हणून ही रक्कम महत्त्वाची. दुसऱ्या रकान्यात, ती माहिती नेत्याने आपणहून दिली की वर्तमानपत्रांत आल्यावर. तिसऱ्यात पक्षाने नंतर काय केलं: नेता बदलला का, चौकशी समितीला पाठिंबा दिला की ती टाळली, संशयितांना पुन्हा यादीत घेतलं का. आमच्या मते तिसरा रकाना सर्वांत वजनदार, कारण पुढची चार वर्षं तो पक्ष कसा वागेल याचा अंदाज तिथेच येतो. विरोधी पक्षांसाठीही हेच रकाने भरा. दुसऱ्याच्या घोटाळ्याने कुणी आपोआप स्वच्छ होत नाही.

सरकार कोण पाडतं आणि कोण चालू देतं, तेही तपासा. बहुमताचा आकडा ११६. २०२४ मध्ये उजव्या आघाडीला, म्हणजे एडीला ८०, समाजवाद्यांना ७८ आणि शेगा या कडव्या उजव्या पक्षाला ५० जागा मिळाल्या. तरी एडीचं अल्पमतातलं सरकार बसलं, कारण तिथे सरकारला सुरुवातीला बहुमत सिद्ध करावं लागत नाही. त्याचा कार्यक्रम ११६ मतांनी फेटाळला गेला तरच ते पडतं. पुढे अर्थसंकल्प समाजवादी तटस्थ राहिल्याने पार पडला. ११ मार्च २०२५ च्या विश्वासदर्शक ठरावावर मात्र समाजवादी आणि शेगा या दोघांनीही विरोधात मत दिलं आणि सरकार पडलं. तेव्हा आपल्या पक्षाला विचारा: पहिला आलेल्या पक्षाचं सरकार तुम्ही चालू द्याल का, आणि कुणासोबत बसणार नाही? जाहीरनाम्यात याचं सरळ उत्तर नसेल तर संसदेतल्या मतदानाच्या नोंदी बघा, त्या सर्वांसाठी खुल्या असतात.

मतपत्रिकेवर नावं सावकाश वाचा. २०२४ मध्ये एडीएन या छोट्या पक्षाला सुमारे एक लाख मतं पडली, दोन वर्षांपूर्वी दहा हजारांच्या आसपास होती. एडी आणि एडीएन या नावांचा घोळ हे त्याचं मोठं कारण मानलं गेलं.

परदेशातून टपाली मत देणाऱ्यांनी पुढचा क्रम मोडू नये. एकाच चौकटीत फुली, मतपत्रिकेची चार घड्या करून घडी हिरव्या पाकिटात, पाकीट बंद. हिरव्या पाकिटावर काहीही लिहायचं नाही. मग ते हिरवं पाकीट आणि ओळखपत्राची झेरॉक्स, दोन्ही पांढऱ्या पाकिटात. झेरॉक्स हिरव्यात गेली किंवा राहिलीच, तर मत बाद. २०२२ मध्ये युरोप मतदारसंघात झेरॉक्स नसलेली मतं इतर मतांत मिसळली गेली, दीड लाखाहून अधिक मतं रद्द झाली आणि घटनात्मक न्यायालयाने तिथे फेरमतदान घ्यायला लावलं. पांढऱ्या पाकिटाला तिकीट लागत नाही. ते मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत टपालात पडलं पाहिजे आणि मतदानानंतर दहा दिवसांत पोर्तुगालला पोचलं पाहिजे, म्हणून गोव्यातून पाठवणाऱ्यांनी पाकीट हाती आल्याच्या आठवड्यातच टाकावं. या मतांनी किती फरक पडतो ते बघा: २०२५ मध्ये मतमोजणीच्या रात्री समाजवादी आणि शेगा ५८-५८ वर अडले होते. परदेशस्थांच्या चार जागांपैकी दोन शेगाला आणि दोन एडीला गेल्या, आणि शेगा ६० जागांसह दुसरा पक्ष झाला.